डिकन्सच्या घरचा नाताळ

नाताळ हा शब्द मराठीनें पोर्तुगीजांकडून घेतला; परंतु तो कानीं पडतांच शहरांतील शिकलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें गोव्याच्या पांढऱ्या इगर्जींचें क्वचितच असतें. बाहेर बर्फ पडत आहे, आंत शेगडी धगधगत आहे, मेजाभोंवतीं लहानथोर माणसें दाटीवाटीनें बसलीं आहेत, आणि एक कृपण म्हातारा पश्चात्ताप पावून दाराशीं उभा आहे, असें तें चित्र असतें. तें इकडे आलें इंग्रजी पुस्तकांतून, आणि त्यांतील रंग बहुतांशीं चार्ल्स डिकन्स या एका कादंबरीकाराच्या हातचे आहेत. ज्या माणसानें परक्या देशांतील वाचकांनाहि घरांत बसून सण कसा करावा हें दाखवून दिलें, त्याच्या स्वतःच्या घरीं तो सण कसा होत असे, आणि त्या घरांतील माणसें त्या दिवशीं एकमेकांच्या मनांतील किती आठवणी ओळखत होतीं, ही हकीकत त्याच्या कथांइतकीच ऐकण्याजोगी आहे.

आजचा नाताळ डिकन्सनेंच निर्माण केला असें म्हणण्याचा इंग्लंडांत प्रघात पडला आहे. यांत अतिशयोक्ति आहे. नाताळ त्याच्या फार पूर्वींचा. लोकांच्या अंगीं इतका मुरलेला कीं, १६४७ सालीं प्युरिटन पंथाच्या पार्लमेंटनें हा सण बंद केला तेव्हां कँटरबरीच्या लोकांनीं दंगा केला, आणि १६६० सालीं राजा परत येतांच सणहि उजळ माथ्यानें परत आला. मात्र त्याचें खरें घर खेड्यांत होतें. जमीनदाराच्या वाड्यावर कुळांना जेवण, बारा दिवस नाचगाणें, दारोदार गात हिंडणाऱ्यांच्या टोळ्या, असें त्याचें स्वरूप होतें. पुढें माणसें खेडीं सोडून गिरण्यांच्या शहरांत आलीं. त्यांच्याबरोबर जमीनदारहि आला नाहीं आणि वाडाहि आला नाहीं. गिरणीला बारा दिवसांची सुट्टी मानवणारी नव्हती. कचेरींतील कारकुनाला एक दिवस मिळे, तोहि मालकाच्या मेहेरबानीनें. सणानें आतां मरावें कीं नवें घर शोधावें, असा तो प्रसंग होता.

त्यानें नवें घर शोधलें, आणि तें मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या बैठकीच्या खोलींत त्याला सांपडलें. १८४० सालीं एका पेनींत पत्र कोठेंहि जाऊं लागलें. १८४३ सालीं हेन्री कोल या गृहस्थानें नाताळचें पहिलें छापील कार्ड काढविलें. १८४८ च्या डिसेंबरांत 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नें राणी व्हिक्टोरिया, तिचा पति आल्बर्ट आणि त्यांचीं मुलें दिव्यांनीं सजविलेल्या झाडाभोंवतीं उभीं असलेलीं दाखविलीं. झाडाची चाल जर्मन. आल्बर्टच्याहि आधीं, १८०० सालीं, राणी शार्लटनें विंडसरला असें झाड उभारलें होतें. पण चित्र घरोघर गेलें तें आल्बर्टचें, म्हणून श्रेयहि त्याच्या पदरीं पडलें.

याच काळांत, १८४३ च्या अखेरीस, एकतीस वर्षांच्या डिकन्सनें एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्या वर्षीं कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या स्थितीविषयीं सरकारी चौकशी-मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झालेला होता. सप्टेंबरांत लंडनच्या फील्ड लेन या दरिद्री वस्तींतील कंगाल मुलांची शाळा डिकन्सनें स्वतः जाऊन पाहिली. या मुलांसाठीं एक पत्रक काढावें असें प्रथम त्याच्या मनांत होतें. मग पत्रकापेक्षां गोष्टीचा घाव वीसपट बसेल असें त्याला वाटलें. सहा आठवड्यांत त्यानें 'अ ख्रिसमस कॅरल' लिहून पुरें केलें. १९ डिसेंबरला तें बाहेर पडलें आणि पांच शिलिंग किंमत असतांहि नाताळच्या आंत सहा हजार प्रति खपल्या. लेखकाच्या हातीं मात्र त्या सहा हजारांतून अवघे २३० पौंड आले. सोनेरी कडा आणि रंगीत चित्रें यांनीं नफा खाऊन टाकला होता. पुढें एका प्रकाशकानें त्याची चोरटी आवृत्ति काढली, डिकन्सनें फिर्याद केली, ती तो जिंकला. पण चोरांनीं दिवाळें काढलें आणि सुमारें सातशें पौंडांचा खर्च वादीच्याच अंगावर पडला. असो.

ज्या श्रोत्यांनीं 'कॅरल' वाचलें असेल त्यांना आठवेल कीं, त्यांत जमीनदाराचा वाडा कोठेंच नाहीं. सहासात वर्षांपूर्वीं याच लेखकानें 'पिकविक'मध्यें वर्णिलेला नाताळ वाड्यावरचा होता. येथें चार खोल्यांचें घर आहे, आठवड्याला पंधरा शिलिंग मिळविणारा बॉब क्रॅचिट नांवाचा कारकून आहे, आणि बेकऱ्याच्या भट्टींत भाजून आणलेला एकच हंस सर्वांना पुरविण्याची यजमाणीची खटपट आहे. हें घर कॅम्डन टाउनमध्यें आहे. डिकन्सचे आईबाप लंडनला आले तेव्हां त्या भागांतील बेहॅम स्ट्रीटवरच्या एका लहान घरांत राहिले होते, ही गोष्ट त्या वेळच्या वाचकांना ठाऊक नव्हती. कथेंतील स्क्रूजला त्याचा भूतकाळ दाखविणारें भूत त्याला प्रथम कोठें नेतें? सर्व मुलें सुट्टीला घरीं गेलीं असून एकच मुलगा मागें राहिला आहे, अशा एका ओसाड शाळेंत. म्हातारा त्या मुलाला पाहून रडतो. वाचक तें प्रसंगाला शोभेसें कल्पनाचित्र समजून पुढें जातो.

आतां लेखकाच्या घरीं जाऊं. या घरचा नाताळ त्याची मुलगी मेमी हिनें आपल्या आठवणींच्या पुस्तकांत नोंदला आहे. डिकन्सला दहा मुलें झालीं. २४ डिसेंबरला तो मोठ्या मुलांना हॉबर्न येथील एका खेळण्यांच्या दुकानांत घेऊन जाई. प्रत्येकानें आपल्यासाठीं आणि आपल्या सोबत्यांसाठीं खेळणीं निवडावयाचीं. तासतासभर मुलांचा निश्चय होत नसे. हें उचल, तें ठेव, पुन्हा पहिलेंच घे. घड्याळाच्या कांट्यावर लिहिणारा, खोलींतील खुर्ची तसूभर सरकलेली न खपणारा हा गृहस्थ त्या दुकानांत एकदांहि उतावीळ झाला नाहीं, असें मेमी सांगते. थोरल्या चार्लीचा वाढदिवस ६ जानेवारीला, म्हणजे नाताळच्या बाराव्या रात्रीं येई. त्यामुळें या घरीं सण पंधरवडाभर चाले आणि शेवटच्या दिवशींच त्याला भर येई. त्या दिवशीं चार्लीसाठीं अँजेला बर्डेट-कूट्स या श्रीमंत बाईकडून मोठा केक येत असे.

'कॅरल' निघालें त्याच डिसेंबरांत नट मॅक्रेडी याच्या घरीं मुलांची मेजवानी झाली. मॅक्रेडी स्वतः अमेरिकेंत होता. त्याच्या मुलांना बापाची उणीव भासूं नये म्हणून डिकन्स जादूगार झाला. कार्लाइलची पत्नी जेन तेथें होती, आणि स्तुतीच्या बाबतींत तिचा हात सैल नव्हता. तिनें आपल्या नातलग मुलीला लिहिलेल्या पत्रांत या तासभराच्या खेळाचें वर्णन आहे: कच्चीं अंडीं, कच्चें पीठ इत्यादि जिन्नस एका गृहस्थाच्या टोपींत घालून डिकन्सनें त्यांतून वाफाळलेलें प्लम पुडिंग काढून दाखविलें, आणि मग तो घामाघूम होईपर्यंत नाचला. असाच दुसरा प्रसंग मेमीचा. वाढदिवसाच्या नाचासाठीं तिनें व तिच्या बहिणीनें बापाला पोल्का नाचाचीं पावलें शिकविलीं होतीं. मध्यरात्रीं त्याला जाग आली आणि आपण पावलें विसरलों कीं काय अशी भीति वाटली. तेव्हां कडाक्याच्या थंडींत अंथरुणांतून उठून, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडांत, स्वतःच शीळ घालीत त्यानें पोल्काची तालीम केली. दुसऱ्या दिवशीं ही गोष्ट त्यानेंच मुलींना सांगितली.

१८५१ सालीं हें कुटुंब टॅव्हिस्टॉक हाउस या मोठ्या घरांत राहावयास गेलें, आणि मुलांच्या अभ्यासाच्या खोलीचें बाराव्या रात्रीपुरतें नाटकगृह होऊं लागलें. जाहिरातींत त्याला जगांतील सर्वांत लहान नाटकगृह म्हटलेलें असे. १८५४ सालीं तेथें 'टॉम थंब' झालें. मुख्य भूमिका पांच वर्षें पुरीं न झालेल्या हेन्रीची होती. त्यानें एक पोवाडेवजा गाणें इतक्या गंभीर चेहऱ्यानें म्हटलें कीं, प्रेक्षकांत बसलेला थॅकरे हंसतां हंसतां खुर्चीवरून खालीं कोसळला. या हेन्रीची आठवण ठेवावी; त्याचा पुढें संबंध आहे.

या सर्वांत एक गोष्ट सूक्ष्म वाचकाच्या नजरेस आल्यावांचून राहत नाहीं. घरांतील प्रत्येक माणसाचा आनंद डिकन्सनें आपल्या शिरावर घेतला होता. पडदे त्यानें रंगवून घ्यावे, पोशाख त्यानें ठरवावे, तालमी त्यानें घ्याव्या, पंचा तोंडावर धरून हुंदके देणाऱ्या लहान नटाची समजूतहि त्यानेंच घालावी. हें प्रेम होतें यांत संशय नाहीं. परंतु सुखी घरांतून आलेला माणूस सणाच्या दिवशीं इतका श्रम करीत नाहीं. त्याचा सण आपोआप होतो असें तो समजतो. लहानपणीं ज्याच्या हातून सण निसटला असेल तोच पुढें त्याला इतक्या खिळ्यांनीं ठोकून बसवितो.

१८५० च्या नाताळांत डिकन्सनें आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकांत 'ख्रिसमसचें झाड' या अर्थाच्या नांवाचा एक निबंध लिहिला. झाडाच्या फांद्यांवर आपल्या बाळपणाचीं खेळणीं त्यानें एकेक करून टांगलीं आहेत: कितीहि लोटलें तरी न पडणारा डोलणारा बाहुला, भीति घालणारा मुखवटा, बाहुलीचें घर, पुठ्ठ्याचें नाटकगृह, मग गोष्टींचीं पुस्तकें, मग शाळा. वाचतांना वाटतें कीं या माणसानें आपल्या बाळपणाचा एकहि कोपरा झांकून ठेवला नाहीं. दुसऱ्या वर्षीं, १८५१ सालीं, मार्च महिन्याच्या अखेरीस त्याचे वडील वारले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनीं आठ महिन्यांची मुलगी डोरा वारली. त्या डिसेंबरांतील त्याचा निबंध, वय वाढत जातें तसा नाताळ काय होत जातो, याविषयीं आहे. फसलेल्या आशा, तुटलेले संबंध, गेलेलीं माणसें, या सर्वांना या एका दिवशीं घरांत घ्यावें, कोणालाहि दाराबाहेर ठेवूं नये, असें त्यानें त्यांत आग्रहानें सांगितलें आहे. पितृपक्षाचा संस्कार असलेल्या मराठी मनाला हा विचार परका वाटणार नाहीं. मात्र दिवाळीच्या पंगतींत पितरांना बसवावें असें म्हणण्याइतका हा विचार धीट आहे. त्यानें सर्वांना आंत बोलाविलें. एकाच आठवणीला मात्र त्यानें स्वतःच्या शेगडीपाशीं जागा दिली नाहीं.

ती आठवण १८२४ सालची. त्याचे वडील जॉन डिकन्स आरमाराच्या पगारखात्यांत कारकून होते. मनानें उदार, हातानें सढळ, आणि हिशेबाच्या बाबतींत बेफिकीर. देणें फिटेना तेव्हां त्या फेब्रुवारींत त्यांना मार्शलसी येथील दिवाणी तुरुंगांत टाकण्यांत आलें, आणि कांहीं दिवसांनीं आई व लहान भावंडेंहि त्यांच्याजवळ तुरुंगांतच राहावयास गेलीं. त्याच्या थोडेंच आधीं, बारा वर्षें पुरीं होऊन दोन दिवस झाले असतां, चार्ल्सला कामावर धाडलें होतें. एका नातेवाइकाच्या ओळखीनें त्याला बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यांत जागा मिळाली. टेम्सच्या कांठीं हंगरफर्ड स्टेअर्स येथें ती उंदरांनीं भरलेली, कुजकी, जुनाट इमारत होती. पॉलिशच्या डब्यांवर आधीं तेलकट कागद, मग निळा कागद लावावयाचा, दोरीनें बांधावयाचा, कडा कातरावयाच्या आणि वर छापील चिठ्ठी चिकटवावयाची, हें त्याचें काम. वेतन आठवड्याला सहा किंवा सात शिलिंग. नक्की किती हें त्याला मागाहून आठवेना. पुढें हा धंदा चँडॉस स्ट्रीटला हलला. तेथें उजेडासाठीं पोरांना खिडकींत बसवीत, आणि रस्त्यानें जाणारे लोक त्यांच्या हातांची चपळाई पाहत उभे राहत.

या धंद्यांतील एक लबाडी येथें सांगितली पाहिजे. रॉबर्ट वॉरन याचें पॉलिश फार नांवाजलेलें होतें, आणि त्याचा पत्ता '३०, स्ट्रँड' हा जाहिरातींमुळें लंडनमध्यें सर्वतोमुखीं झालेला होता. डिकन्स ज्या कारखान्यांत होता तो दुसऱ्या वॉरनच्या नांवावर चाले, आणि त्याचा पत्ता '३०, हंगरफर्ड स्टेअर्स, स्ट्रँड' असा होता. मधले दोन शब्द गळले कीं नकली माल अस्सल होई.

वडील सुमारें तीन महिन्यांनीं सुटले, पण मुलगा कांहीं काळ त्याच कामावर राहिला. अखेर वडिलांचें मालकाशीं भांडण होऊन त्याला घरीं आणलें, तेव्हां आईनें मिटवामिटव करून त्याला पुन्हा कामावर धाडावें असें म्हटलें. हें म्हणणें डिकन्स आयुष्यांत विसरला नाहीं आणि त्यानें आईला तें पुरतें क्षमाहि केलें नाहीं. गरिबीनें गांजलेल्या त्या बाईची बाजू कोणी ऐकून घेतली नाहीं, हेंहि खरें. त्या दिवसापासून आईबापांनीं त्या काळाविषयीं चकार शब्द काढला नाहीं, आणि मुलानेंहि काढला नाहीं. मोठेपणीं, थोरला मुलगा बोलूं लागल्यानंतरहि, त्या भागांतून जातांना त्याच्या डोळ्यांना पाणी येई.

पुढें १८४७ च्या सुमारास त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर सहज म्हणाला कीं, डिल्क नांवाच्या गृहस्थांना तुला लहानपणीं स्ट्रँडजवळच्या एका वखारींत पाहिल्याचें आठवतें; त्यांनीं तुला अर्धा क्राउन दिला आणि तूं त्यांना वांकून नमस्कार केलास. डिकन्स कित्येक मिनिटें कांहींच बोलला नाहीं. फॉर्स्टरनें तो विषय सोडून दिला. त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं डिकन्सनें त्याला सर्व हकीकत सांगितली आणि पुढें लिहूनहि दिली. त्यांतील कांहीं मजकूर शब्दशः 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्यें उतरला. पॉलिशऐवजीं तेथें दारूच्या बाटल्या आहेत. लाखों लोकांनीं तो वाचला, डिकन्सच्या मुलांनींहि वाचला. परंतु वाचला तो कादंबरी म्हणून. पत्नीला हें लिखाण ऐकवलें होतें असें थोरल्या चार्लीनें पुष्कळ वर्षांनीं नमूद केलें आहे. इतर मुलांना मात्र बापाच्या बाळपणांतील त्या वर्षाचा पत्ता नव्हता.

आणि मग ज्या घरासाठीं एवढा अट्टाहास, तें घर सणाच्या खेळांतूनच मोडलें. ६ जानेवारी १८५७ रोजीं, चार्लीच्या विसाव्या वाढदिवशीं, टॅव्हिस्टॉक हाउसमध्यें 'द फ्रोझन डीप' हें विल्की कॉलिन्सचें नाटक झालें. आतां तो मुलांचा खेळ राहिला नव्हता. अभ्यासाच्या खोलीचा विस्तार झाला होता, नव्वदांच्या आसपास निमंत्रित बसत, आणि दुसऱ्यासाठीं प्राण देणाऱ्या नायकाचें काम डिकन्स असें करी कीं बायका रडूं लागत. त्या उन्हाळ्यांत एका दिवंगत मित्राच्या कुटुंबाच्या साहाय्यार्थ त्याचे प्रयोग मँचेस्टरच्या प्रचंड सभागृहांत ठरले. एवढ्या जागेंत घरांतल्या मुलींचे आवाज पोंचणार नाहींत म्हणून धंदेवाईक नटींना बोलाविलें. त्यांत टर्नन नांवाची आई व तिच्या मुली होत्या; सर्वांत धाकटी एलेन अठरा वर्षांची होती. पंचेचाळीस वर्षांचा डिकन्स तिच्यांत गुंतला. पुढल्याच वर्षीं, बावीस वर्षांच्या संसारानंतर, त्यानें पत्नी कॅथरिन हिला विभक्त केलें आणि त्याविषयींचें आपलें निवेदन आपल्या साप्ताहिकांत छापलें. ज्या साप्ताहिकाचें नांव घरगुती बोलण्यावरून ठेवलेलें, त्यांतच घरांतील भांडण चव्हाट्यावर आलें. चार्ली आईजवळ राहिला. बाकीचीं मुलें बापाकडे. कॅथरिनला वर्षाला ६०० पौंड आणि कॅम्डन टाउनच्या बाजूला एक घर मिळालें. तिनें दहा मुलांना जन्म दिला होता आणि वीस नाताळ त्या घराची यजमाणीण म्हणून काढले होते. यापुढें ती जागा तिच्या धाकट्या बहिणीकडे, जॉर्जिनाकडे, गेली. दाराबाहेर कोणालाहि ठेवूं नये असें लिहिणाऱ्याच्या मेजावर आतां एक खुर्ची कायमची दुसऱ्याची झाली होती, आणि या प्रकरणांत त्याचें समर्थन करणें त्याच्या भक्तांनाहि जड गेलें आहे.

मुलेंहि पांगूं लागलीं. दुसरा मुलगा वॉल्टर सोळा वर्षांचा असतां, १८५७ च्या बंडाच्या धामधुमींतच, कंपनी सरकारच्या फौजेंत दाखल होण्यासाठीं हिंदुस्थानांत आला. त्यानें लढाया पाहिल्या, बढती मिळविली, आणि आजोबांप्रमाणें देणेंहि करून ठेवलें. रजेवर घरीं परतण्यासाठीं तो कलकत्त्याला पोंचला असतां, ३१ डिसेंबर १८६३ रोजीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं तेथील इस्पितळांत वारला. जुन्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीं हातांत घड्याळ घेऊन, दार उघडून, बारा ठोक्यांची वाट पाहण्याची डिकन्सच्या घरीं रीत होती. कलकत्त्याची बातमी इंग्लंडला पोंचावयास पांच आठवडे लागले. ती ७ फेब्रुवारीला, नेमकी डिकन्सच्या बावन्नाव्या वाढदिवशीं हातीं पडली. धाकटा फ्रँक नुकताच हिंदुस्थानच्या वाटेला लागला होता. भाऊ भेटेल या आशेनें तो निघाला होता, आणि उतरल्यावर त्याला भावाचें मरण समजलें.

शेवटचे नाताळ गॅड्स हिल येथील घरांत झाले. रॉचेस्टरजवळचें हें घर डिकन्सनें लहानपणीं वडिलांबरोबर फिरावयास जातांना पाहिलें होतें. पुष्कळ मेहनत केलीस तर कधींकाळीं अशा घरांत राहशील, असें वडील त्याला म्हणत. १८५६ सालीं त्यानें तें विकत घेतलें. १८६६ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशीं घराशेजारच्या शेतांत त्यानें गांवकऱ्यांसाठीं शर्यती ठेवल्या. दोनतीन हजार लोक जमले. बिअरची दुकानें मांडण्यास समोरच्या खानावळवाल्याला परवानगी दिली होती, म्हणून शेजारच्या प्रतिष्ठितांना धाकधूक वाटत होती. परंतु संध्याकाळपर्यंत एक दोर किंवा एक खुंटा जागचा हालला नाहीं. अडथळ्यांच्या शर्यतींत एक गडी तोंडांत पेटता पाइप धरून धांवला आणि दुसरा आला. पाइप नसता तर पहिला आला असतास, असें डिकन्स त्याला म्हणाला. त्यावर, पाइप नसता तर मी कोठेंच नसतों, असें त्यानें उत्तर केलें. हा किस्सा डिकन्सनें पत्रांतून मोठ्या आवडीनें सांगितला आहे. बाळपणीं खिडकींत बसून रस्त्यावरच्या गर्दीचा तमाशा झालेला मुलगा आतां स्वतःच्या शेतांत गर्दीचा यजमान झाला होता.

१८६९ चा नाताळ आला तेव्हां त्याची प्रकृति ढांसळली होती. त्या वसंत ऋतूंत जाहीर वाचनांचा दौरा डॉक्टरांनीं मध्येंच थांबवावयास लावला होता. नाताळच्या दिवशीं डावा पाय सुजल्यामुळें तो बराच वेळ खोलींतच होता. संध्याकाळीं जेवणाच्या सुमारास लंगडत खालीं आला आणि नंतर कोचावर पडून मुलांच्या खेळांत भाग घेऊं लागला.

खेळ आठवणीचा होता. आपल्याकडील भेंड्यांसारखाच बैठा. पहिल्यानें एक नांव किंवा शब्द सांगावयाचा. दुसऱ्यानें तो म्हणून त्याला आपला एक जोडावयाचा. तिसऱ्यानें ते दोन म्हणून तिसरा. सांखळी लांबत जाते तसतसे भिडू चुकतात आणि बाद होतात. डिकन्सची स्मरणशक्ति असामान्य. त्याची पाळी आली तेव्हां यादी बरीच लांबली होती. त्यानें ती सारी न अडखळतां म्हटली, आणि शेवटीं आपला वांटा घातला: 'वॉरनचें पॉलिश, ३०, स्ट्रँड.'

वीस वर्षांचा हेन्री तेथें होता. टॉम थंबचें काम करणारा तो चिमुरडा आतां केंब्रिजला शिकत होता. बापानें हे शब्द उच्चारले तेव्हां त्याच्या डोळ्यांत एक चमत्कारिक लकाकी दिसली आणि आवाजाला कांहीं निराळीच ढब आली, असें त्याला जाणवलें. कां, तें त्याला कळेना. शब्द तर अगदीं क्षुल्लक; जुन्या भिंतींवरच्या जाहिरातींतले. पुढल्या भिडूनें तेहि सांखळींत गोंवले आणि खेळ चालू राहिला. त्या खोलींत, सणाच्या दिवशीं, आपल्या माणसांमध्यें, तें नांव डिकन्सच्या तोंडून बाहेर पडलें होतें आणि कोणालाहि त्याचा अर्थ लागला नव्हता.

९ जून १८७० रोजीं डिकन्स त्याच घरीं वारला. १८७१ च्या अखेरीस फॉर्स्टरनें लिहिलेल्या चरित्राचा पहिला भाग निघाला. पॉलिशच्या कारखान्याची गोष्ट जगाला प्रथम त्या पुस्तकांतून कळली, आणि घरच्या माणसांनाहि ती इतर वाचकांबरोबर, छापील पानांवरच, वाचावी लागली. तीं पानें वाचतांना हेन्रीला दोन वर्षांपूर्वींचा तो खेळ आठवला.

हेन्री पुढें नामांकित बॅरिस्टर झाला, लंडनच्या फौजदारी कोर्टांत न्यायाधीशाच्या जागीं बसला, 'सर' झाला. साक्षीदाराचा आवाज कोठें बदलतो हें ओळखण्यांत त्याचा जन्म गेला होता. बापाविषयींच्या आठवणींचें पुस्तक त्यानें १९२८ सालीं काढलें, तेव्हां त्याचें वय एकोणऐंशी होतें. त्यांत त्यानें तो खेळ, ती लकाकी आणि ती ढब लिहून ठेवली आहे. पत्ताहि बापानें सांगितला होता तसाच, मधले दोन शब्द गाळून, दिला आहे.